उंचीचा नॉब

एक खटका उजवीकडे: शंभर फूट वर.
दुसरा खटका उजवीकडेच: शंभर फूट खाली.
तिसऱ्याला काही नाही.
चौथ्याला एकदम तीनशे,
कुणी मागून ढकलल्यासारखे.

अकरा दिवस झाले, उलव्यात, सातव्या मजल्यावरच्या आतल्या खोलीत
माझं विमान असं चढतंय, उतरतंय.
प्लायवूडचं पॅनेल, भंगारातली रिक्षाची सीट.
शेपूट नाही. तिथे गाद्या ठेवल्यात.

नॉबला तीन पाय.
मधला अर्थचा, दोघांना सामाईक.
कडेचे दोघे पाव पावलाच्या अंतराने चालतात;
हा आधी बोलला तर उजवं,
तो आधी बोलला तर डावं.
एवढंच त्याचं ज्ञान.
आपण किती उंचावर आहोत, त्याला ठाऊक नसतं.
इकडे सरकलो, एवढा सरकलो,
बाकी हिशेब दुसऱ्याने ठेवायचा.
वीज गेली की तोही पुसला.

स्प्रे मारून झाला.
कडेच्या तारा उलटसुलट केल्या,
तर तीच चूक दुसऱ्या दिशेने व्हायला लागली.
मसुरीच्या दाण्याएवढे दोन कपॅसिटर आणले,
एक निर्मलाने केरात काढला.
हर्षाली म्हणाली, पप्पा, आतला संपर्क थरथरतो,
एका खटक्याला सतरा वेळा हो-नाही करतो.
मी कोडला पाच मिलिसेकंद थांबायला सांगते.
सांगितलं.
हळू फिरवला तर शहाणा.
भरभर फिरवला तर खटके गिळायला लागला.

रात्री दीडला तोंडात टॉर्च धरून
पॅनेलच्या मागे शिरलो, मी,
सव्वीस वर्षं लिफ्टच्या टपावर बसून काम केलेला.
लिफ्ट मजला विसरली
तर आधी मोटर नाही, कार्ड नाही,
अर्थची तार बघायची,
हे नव्या पोरांना शिव्या घालून शिकवलेला.
आणि घरी अकरा दिवस नॉब बदलतोय. तीन बदलले.

मधल्या पायावरचं सोल्डर चमकत नव्हतं.
राखाडी, शिळ्या भाकरीच्या पापुद्र्यासारखं.
नख लावलं. हललं.

तापवलं. धूर डोळ्यात गेला.
थेंब वितळून पायाला धरून बसला.
एक खटका, शंभर. एक खटका, शंभर.
वर नेलं, खाली आणलं, वर नेलं,
निर्मला दारात उभी राहून म्हणाली, झोपा आता.

सकाळी करंजाड्याहून हासूराम काका आले,
हातात प्लॉटच्या कागदांची तीच पिशवी.
रिक्षाच्या सीटवर बसवलं.
माझा नकाशा जुना, फुकटातला.
त्यात विमानतळ नाही.
खाडी आहे, वळवण्याआधीची नदी आहे,
आणि टेकडी, अख्खी,
काकांनी जिच्यावर म्हशी चारल्या.
चारशे फूट तरी ठेवावे लागतात,
नाहीतर आपटतो.
खिडकीबाहेर खरी विमानं
तिथूनच सरळ जातात,
त्यांना काही लागत नाही.

काकांचा हात नॉबवर ठेवला.
खटका. शंभर. खटका. दोनशे.
चारशेवर गेल्यावर टेकडी काचेत पुढून आली.
काका वाकले.
"उरली," म्हणाले.

आमच्या बोलीत ड चा र होतो.
उडणंही उरणं.
सुरुंग लावले त्या दुपारीही
लोक डोक्यावरची धूळ झटकत
हेच म्हणाले होते: उरली.

हर्षालीने विचारलं, आजोबा, उडली की उरली?
काकांनी ऐकलं नाही.
पिशवी मांडीवरून पायाशी घसरली होती.
"जरा खाली घे रं," म्हणाले,
"आंब्याचा झार दिसतं का बगू."

मी एक खटका डावीकडे फिरवला.
तीनशे.
नेमके तीनशे.